विस्तारित स्वरसंघातांचे व्युत्क्रम (गिटारवरील)

जाझ संगीतात सा-ग-प-नी या चतुःस्वरी संघातावर वरचा ऋषभ वा धैवत चढविला असता तो विस्तारित होतो, आणि षड्जाऐवजी अन्य स्वर तळाशी आला की व्युत्क्रम सिद्ध होतो. वादकाच्या डाव्या हाताची पडदे दाबणारी बोटे चारच. म्हणून षड्ज बासवादकाच्या हवाली करून, उरलेल्या ग-प-नी-रे मधील वरून दुसरा स्वर, निषाद, सप्तकभर खाली नेतात: पांढरी एक (C) षड्ज मानल्यास चौथ्या तारेपासून पहिलीपर्यंत नी-ग-प-रे हे अनुक्रमे ९, ९, ८ व १० या पडद्यांवर मिळतात. ही मांडणी कानाला विलक्षण प्रसन्न. शिकाऊ वादकाने प्रथम हीच घोटावी. जाझ गिटारच्या भारतीय वादकांपैकी मुंबईत जन्मलेले गोमंतकीय वंशाचे अमान्सियो डिसिल्वा (१९३६–१९९६) यांनी जाझ व हिंदुस्थानी संगीताचा संयोग साधला. त्यांची ‘इंटिग्रेशन’ ही ध्वनिमुद्रिका १९६९ साली इंग्लंडमध्ये प्रसिद्ध झाली.