गेमर्सचं ऋण

कृत्रिम बुद्धिमत्तेचा इतिहास सांगताना शास्त्रज्ञांची आणि कंपन्यांची नावं येतात. रात्र रात्र गेम खेळणाऱ्यांचं नाव कुणी घेत नाही, ते मला खटकतं.

गेममध्ये पडद्यावरच्या लाखो ठिपक्यांचे रंग सेकंदाला कित्येकदा ठरवावे लागतात. एकेक हिशेब सोपा, पण सगळे एकदम करायचे. म्हणून ग्राफिक्स कार्डावर एका हुशार कारकुनाऐवजी साध्या कारकुनांची फौज असते. न्यूरल नेटवर्कलाही हेच लागतं: ढीगभर गुणाकार आणि बेरजा. २००७ साली एनव्हिडियाचं 'कूडा' आलं आणि या फौजेला इतर कामं सांगणं सोपं झालं.

२०१२मध्ये टोरांटो विद्यापीठाच्या अ‍ॅलेक्स क्रिझेव्स्कीनं आईवडिलांच्या घरी, आपल्या खोलीत, ३ जीबीच्या दोन 'जीटीएक्स ५८०' कार्डांवर १२ लाख चित्रं देऊन एक नेटवर्क शिकवलं. सोबत इल्या सुट्स्केव्हर आणि जेफ्री हिंटन होते. एकेका प्रशिक्षणाला ५-६ दिवस लागत. इमेजनेट स्पर्धेत 'अ‍ॅलेक्सनेट'च्या चुका १५.३ टक्के, दुसऱ्या क्रमांकाच्या २६.२ टक्के. पुढचा सगळा ओघ इथून बदलला.

ही कार्डं दुकानात मिळत होती, कारण गेमर्सनी वर्षानुवर्षं त्यांना गिऱ्हाईक पुरवलं होतं. आज मोठी मॉडेल्स हजारो चिपांच्या डेटा सेंटरांत घडतात. खोलीत बसून ती घडवता येत नाहीत. तरी खुली मॉडेल्स घरच्या कार्डावर चालवून बघणारे, त्यांत फेरफार करणारे हौशी लोक आहेत. त्यांना परवडतील अशी कार्डं बाजारात राहावीत, एवढीच माझी मागणी आहे.