छापखान्यातली हवा

नंदुरबार जिल्ह्यातील कोरीट येथील एका शिक्षकबंधूंचे पत्र माझ्यापुढे आहे. त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्याने शहरातल्या फ्लेक्सच्या दुकानात चार वर्षे काम केले, धंदा शिकला, आणि आता कर्ज काढून एक वापरलेले मशीन गावी आणले. घराच्या पुढच्या खोलीत ते बसवले आहे. मागच्या खोलीत आजी अंथरुणाला खिळून आहे, आणि लहान मूल त्याच दारातून दिवसभर आतबाहेर करते. गुरुजी लिहितात : ‘खोलीत पाऊल टाकताच वास थेट डोक्यात जातो. पोरगा मात्र म्हणतो, सर, मला तर काहीच वास येत नाही. दोघांत खरे कोणाचे? आणि पूर्वीच्या छापखान्यांतही शाई होतीच की! तेव्हा अशी तक्रार कोणी केल्याचे ऐकिवात नाही.’

प्रश्न वरवर साधा आहे. पण त्यातल्या शेवटच्या वाक्यात दोनशे वर्षांचा इतिहास दडला आहे, म्हणून उत्तराला तिथूनच हात घालतो.

1831 साली मुंबईत गणपत कृष्णाजी यांनी शिळाछापावर मराठी पंचांग छापले. आधी ते अमेरिकन मिशनच्या छापखान्यात कामाला होते. तिथे पाहून पाहून त्यांनी आपले यंत्र उभे केले आणि शाईसुद्धा स्वतःच करण्याचा खटाटोप केला. त्या काळी शाईविषयी तक्रार झाली नाही असे नाही, झालीच. सोवळ्या मंडळींनी नाक मुरडले ते शाईत चरबी असते म्हणून! पोथ्यांसाठी मग तुपाची शाई वापरली गेली असेही सांगतात. म्हणजे आपल्याकडे शाईवरचा पहिला वाद हाताला होणाऱ्या विटाळाचा होता. छातीत जाणाऱ्या हवेचा विचार कोणाच्या मनात नव्हता, आणि तसे कारणही फारसे नव्हते.

का नव्हते, ते पाहा. छापण्याची जुनी शाई म्हणजे जवसाचे तेल आणि काजळी. तेल कढवून कढवून चिकट करायचे आणि त्यात काजळी घोटायची. कढवताना धूर डोळ्यांत झोंबे आणि आगीचेही भय असे, म्हणून ते काम मोकळ्या जागी करणे शहाणपणाचे. पण एकदा शाई तयार झाली की ती शांत. ती कागदावर वाळते म्हणजे काय होते? जवसाचे तेल हवेतला प्राणवायू ओढून घेते आणि घट्ट होते. ही शाई वाळताना हवेत उडून जात नाही, उलट हवेतून घेते. हा मुद्दा ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

दुसरी गोष्ट खिडकीची. जुळारी केसपुढे उभा राहून एकेक खिळा उचलायचा, आणि खिळ्यावरचे अक्षर उलटे. ते ओळखायला लख्ख उजेड हवा. त्यामुळे छापखान्याला मोठ्या खिडक्या असत आणि जुळाऱ्याची जागा त्यांच्याजवळ असे. खिडकी ठेवली उजेडासाठी, हवा फुकटात मिळाली.

याचा अर्थ जुना छापखाना म्हणजे आरोग्यभुवन होता असे मुळीच नाही. निर्णयसागरचे संस्थापक जावजी दादाजी लहानपणी अमेरिकन मिशनच्या छापखान्यात खिळे घासण्याच्या कामावर होते. पुढे त्यांनी 1864 साली खिळ्यांचा कारखाना आणि 1869 साली निर्णयसागर छापखाना काढला. त्या खिळ्यांनी छापलेली संस्कृत पुस्तके देशभर गेली. हे खिळे शिसे, अँटिमनी आणि कथील यांच्या मिश्रणाचे असत. शिसे अंगात जाते ते धुळीतून आणि न धुतलेल्या हातांनी भाकरी खाल्ल्याने. दूध प्यायल्याने शिसे उतरते, गुळाचा खडा खाल्ला की छाती साफ राहते, अशा समजुती कारखान्याकारखान्यांतून होत्या, अजूनही आहेत. दूध आणि गूळ खुशाल खावे, पण ते औषध नव्हे. शिवाय फर्मा आणि रूळ पुसायला रॉकेल असायचेच. आपल्यापैकी ज्यांनी तालुक्याच्या गावी ट्रेडलवर लग्नपत्रिका छापून घेतल्या असतील, त्यांना तो रॉकेलचा वास आठवेल.

खरा पालट झाला तो छपाईची घाई वाढली तेव्हा. तेलाची शाई वाळेपर्यंत थांबायला यंत्राला सवड नाही. मग शाई पातळ केली ती लगेच उडून जाणाऱ्या पदार्थांनी. सचित्र मासिके भराभर छापणारी रोटोग्रॅव्ह्युअर नावाची यंत्रे पाश्चात्त्य देशांत आली, त्यांच्या शाईत बेंझॉल असे. 1939 साली न्यूयॉर्क शहरातल्या अशा छापखान्यांतील 332 कामगारांची तपासणी प्रसिद्ध झाली. पुष्कळांच्या रक्तावर बेंझॉलचा परिणाम झालेला आढळला. छापणारा माणूस शाई हाताळून नव्हे, तर नुसता श्वास घेऊन आजारी पडतो, हे तिथे स्वच्छ दिसले.

आपल्या खानदेशात ही गोष्ट यायला वेळ लागला. आपल्याकडे पाटी रंगवणारा पेंटर होता. त्याच्या डब्यातही टर्पेंटाइन होते, पण तो शिडीवर, भिंतीपुढे, उघड्या हवेत उभा असे. या शतकाच्या आरंभी फ्लेक्स आला आणि पेंटरचा ब्रश खाली पडला. वाढदिवस, दशक्रिया, निवडणूक, खताची जाहिरात, सगळे एका रात्रीत छापून मिळू लागले. काम उघड्यावरून खोलीत आले आणि खोलीची दारे लागली. धुळीने मशीनच्या हेडची बारीक छिद्रे बुजतात, म्हणून खिडकी बंद. उन्हाळ्यात शाई बिघडू नये म्हणून गारव्याचे यंत्र. उजेड तर दिव्याचा. जुन्या छापखान्यात हवा फुकट मिळत होती ती अशी बाहेरच राहिली.

आता त्या शाईचे. फ्लेक्स म्हणजे धाग्यांच्या जाळीवर बसवलेले पीव्हीसी प्लास्टिक. त्याच्यावर पाण्याची शाई धरत नाही. म्हणून रंगाचे कण सायक्लोहेक्झॅनोनसारख्या द्रावकात, दुकानाच्या भाषेत सॉल्व्हंटमध्ये, मिसळलेले असतात. हे द्रावक प्लास्टिकला किंचित विरघळवते, रंग आत बसतो, आणि मशीनच्या गरम पट्टीवर द्रावक उडून जाते. शाईचा मोठा भाग हे द्रावकच. म्हणजे बाटलीतून जेवढी शाई संपली, तिच्यातला थोडा भाग फ्लेक्सवर राहिला आणि बाकीचा खोलीत आला. जवसाची शाई हवेतून घेत होती, ही हवेला देते. गुरुजी, तुमच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर हे. दोन्हींना शाई म्हणतात एवढेच त्यांच्यात साम्य.

राहिले नाकाचे. नंदुरबारच्या मिरचीचे उदाहरण घेऊ. हंगामात पथारीजवळून गेले की ठसका लागतो, डोळ्यांतून पाणी येते, आपण आपसूक पदर किंवा रुमाल नाकाला लावतो. मिरची प्रामाणिक आहे, ती आधी सांगते. द्रावकाचे तसे नाही. पहिल्या घटकेला वास जोरात येतो, मग नाक त्याला सरावते आणि वास गेल्यासारखा वाटतो. हवा मात्र तीच असते. तेव्हा पत्रातल्या वादात बाहेरून येणाऱ्या गुरुजींच्या नाकावर विश्वास ठेवावा, दिवसभर आत बसणाऱ्या पोराच्या नव्हे. दुपारी डोके जड होणे, घसा खवखवणे, डोळे चुरचुरणे, गरगरणे, आणि सुटीच्या दिवशी हे सारे थांबणे, ही खूण वासापेक्षा भरवशाची.

धूर वर जातो हे आपल्याला चुलीमुळे माहीत आहे. म्हणून पुष्कळ दुकानांतून पंखा छताशी लावलेला दिसतो. पण सायक्लोहेक्झॅनोनची वाफ हवेच्या तिपटीहून जड असते. पडक्या विहिरीत वाईट हवा तळाशी साचते, जाणती माणसे आत उतरण्यापूर्वी कंदील सोडून पाहतात, तशीच ही वाफ जमिनीलगत रेंगाळते. अंथरुणावरची आजी आणि रांगते मूल असते त्याच पातळीवर. (कंदिलाची युक्ती इथे मात्र करू नये. ही वाफ पेट घेणारी आहे. सायक्लोहेक्झॅनोन सुमारे 44 अंशांना पेटण्याजोगी वाफ देते, आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो.)

एवढ्याने काय होते, असे म्हणणारे भेटतील. जपानमधल्या ओसाका शहरातल्या एका छापखान्याची हकीकत 2012 साली उघडकीस आली. नमुना-छपाईच्या खोलीत कामगार यंत्रावरचे रबर दिवसातून कितीदा तरी द्रावकाने पुसत. हवा बाहेर जायची सोय अपुरी होती. अनेक वर्षांनी तिथल्या तरण्याताठ्या माणसांना पित्तनलिकेचा कर्करोग झाला. एकाच छापखान्यातले असे 17 रोगी नोंदले गेले. त्या द्रावकांपैकी एकाला, डायक्लोरोप्रोपेनला, जागतिक कर्करोग संशोधन संस्थेने 2014 साली माणसाला निश्चित कर्करोग करणाऱ्यांच्या यादीत घातले. हे द्रावक फ्लेक्सच्या शाईत असते असे मी म्हणत नाही, उगाच घबराट नको. मला दाखवायचे आहे ते इतकेच, की त्या खोलीत काम करणाऱ्यांना वर्षानुवर्षे आपण नेहमीचे पुसण्याचे काम करीत आहोत असेच वाटत होते.

आपल्याकडे 1948 च्या कारखाने कायद्यात खेळत्या हवेचे 13 वे कलम होते आणि धूळ व वाफ यांचे 14 वे. पण विजेवर चालणाऱ्या जागेत 10 कामगार असले तर तो कायदा लागू होई. दोन पोरे आणि एक मशीन असलेले दुकान त्याच्या बाहेरच राहिले. आणि कोरीटच्या घरातली पुढची खोली म्हणजे तर दुकानही नव्हे, घर.

आता मशीन आलेच आहे, हप्ते सुरू झाले आहेत, ते विकून टाक असे सांगणे सोपे आहे आणि निरुपयोगी आहे. जमल्यास ते घरापासून वेगळ्या पत्र्याच्या खोलीत न्यावे. तोवर मधले दार बंद करून त्याच्या फटी बुजवाव्यात आणि आजीची खाट दुसऱ्या टोकाला हलवावी. पंखा मशीनच्या मागे, भिंतीत खाली, हवा बाहेर फेकणारा. समोरच्या भिंतीत जाळी लावलेला झरोका, म्हणजे ताजी हवा आत येऊन मशीनवरून बाहेर जाईल. नुसता पंखा लावून झरोका ठेवला नाही तर पंखा गरगरतो, हवा हलत नाही. खोली 12 फूट रुंद, 15 फूट लांब आणि 10 फूट उंच असेल तर आत 1800 घनफूट हवा. ती तासातून 10 वेळा बदलायची म्हटली तर मिनिटाला 300 घनफूट बाहेर गेली पाहिजे. बाजारातला 12 इंची पंखा त्याहून जास्त काढतो. सातवीच्या मुलांकडून हे गणित वर्गात करून घेता येईल. गारव्याच्या यंत्राने हे काम होत नाही, ते खोलीतलीच हवा पुन्हा पुन्हा फिरवते. तोंडाला बांधलेला रुमाल धूळ अडवतो, वाफ नाही. तिच्यासाठी कोळशाची डबी असलेला मुखवटा लागतो, आणि तीही डबी वेळेवर बदलावी लागते. हेड धुताना हातमोजे घालावेत, भिजलेल्या चिंध्या झाकणाच्या डब्यात टाकाव्यात, उदबत्ती खोलीबाहेर लावावी.

‘इको’ नावाच्या शाईचा वास कमी असतो, पण द्रावक तिच्यातही असते. 2008 पासून पाण्यावर आधारलेल्या लॅटेक्स शाईची मशीने बाजारात आहेत, ती महाग आहेत, आणि हवा त्यांनाही लागते.

एक गोष्ट पत्रात नव्हती, पण होत असणार. छापलेला फ्लेक्स हाताला कोरडा लागला तरी पुढे कित्येक तास वाफ सोडत राहतो. रात्रीचे काम उरकून पोरगा ती भेंडोळी मागच्या खोलीत, आजीच्या खाटेखाली सरकवत असेल तर त्या आजच काढून पडवीत उभ्या कराव्यात.