बिंदू, रेषा आणि हिंगणघाटची कबर

मंडळी, इथून बेसाहून दक्षिणेला निघालो की सत्तर-पंच्याहत्तर किलोमीटरवर हिंगणघाट लागतं. कापसाची बाजारपेठ म्हणून आपण ते ओळखतो. विल्यम लॅम्बटन यांची कबर तिथे आहे, आणि विखुरलेल्या बिंदूंमधून सर्वांत जवळची रेषा कशी ठरवायची, हा आपला आजचा विषय तिथवर जातो.

शाळेतलं पोर काय करतं? आलेखावर बिंदू मांडतं आणि वर-खाली सारखेच बिंदू राहतील अशी पट्टी फिरवत बसतं. या नजरेच्या कामाला आपण हलकं लेखू नये. 1833 साली जॉन हर्शेल यांनी जोडताऱ्यांच्या कक्षा काढताना बिंदूंमधून हातानंच वक्र ओढला होता. अडचण एवढीच की दोन माणसं दोन रेषा ओढतात. मग मानायची कोणती?

हा प्रश्न पृथ्वीच्या आकारावरून उभा राहिला. पृथ्वी ध्रुवांशी चपटी, म्हणून अक्षांशाच्या एका अंशाची लांबी विषुववृत्ताकडून ध्रुवाकडे वाढत जाते. आडव्या अक्षावर अक्षांशाच्या साइनचा वर्ग आणि उभ्या अक्षावर अंशाची लांबी घेतली, तर बिंदू जवळजवळ सरळ रेषेत यायला हवेत. रॉजर बॉस्कोविच या जेसुइट गणितज्ञांनी अशी पाच मोजमापं घेतली: क्विटो, केप ऑफ गुड होप, रोम, पॅरिस, लॅपलँड. ती काही एका रेषेत येईनात! रोमचं तर त्यांनी स्वतः ख्रिस्तोफर मेअर यांच्यासोबत केलेलं. 1757 मध्ये त्यांनी दोन अटी घातल्या. रेषेच्या वरचे आणि खालचे फरक परस्परांत फिटावेत. आणि चिन्ह सोडून केलेली सगळ्या फरकांची बेरीज कमीत कमी यावी. पहिल्या अटीनं रेषा सरासरीच्या बिंदूतून जाते, दुसरीनं तिचा उतार ठरतो. स्वतःच्या मोजमापाला त्यांनी झुकतं माप दिलं नाही, हे आम्हा तत्त्वज्ञानाच्या माणसांना गणिताइतकंच मोलाचं वाटतं.

1805 मध्ये लजांद्र यांनी फरकांऐवजी त्यांचे वर्ग घेतले. हिशेब सोपा झाला, पण एखादा भलताच दूरचा बिंदू रेषेला आपल्याकडे जास्त ओढू लागला.

लॅम्बटन 1802 मध्ये मद्रासजवळ पायारेषा मोजून निघाले, आणि त्रिकोणामागून त्रिकोण जोडत वऱ्हाडापर्यंत आले. 20 जानेवारी 1823 रोजी, नागपूरकडे येताना, हिंगणघाटला वारले. काम जॉर्ज एव्हरेस्ट यांनी पुढे नेलं. पुढे बेसेल यांनी दहा ठिकाणच्या चापांना वर्गांच्या पद्धतीनं पृथ्वीचा एकच आकार बसवला (1841). त्या दहांत दोन चाप भारतातले.

आता रेषेला न जुळता जे उरतं त्याचं काय? कल्याणपूर आणि उत्तरेकडचं कलियाणा यांमधलं अंतर त्रिकोणांनी मोजलं तेव्हा एक आकडा आला, ताऱ्यांवरून मोजलं तेव्हा दुसरा. फरक 5.236 सेकंदांचा. एवढासा फरक मोजणीच्या चुकीत सहज जिरवता आला असता. कलकत्त्याचे आर्चडीकन प्रॅट यांनी तो जिरवला नाही. हिमालय ओळंब्याला आपल्याकडे ओढतो हे धरून त्यांनी 1855 मध्ये हिशेब केला, तर उत्तर आलं 15.885 सेकंद, म्हणजे तिप्पट! एवढा डोंगर, आणि ओढ इतकी कमी? त्याच वर्षी एअरी यांनी सुचवलं की पर्वतांखाली हलक्या खडकाची मुळं खोलवर गेलेली असतात, आणि खालच्या जड थरावर पर्वत तरंगत असतो.