खारीचा कौल आणि हरित इमारतीचा एफएसआय

पर्यावरण सांभाळून बांधकाम करणाऱ्याची शासनाने दखल घ्यावी, त्याला काही सवलत द्यावी, ही कल्पना आपल्याकडे अगदी अलीकडची मानली जाते. २००१ मध्ये इंडियन ग्रीन बिल्डिंग कौन्सिल स्थापन झाली, २००७ मध्ये ‘गृह’ ही देशी मानांकन पद्धत केंद्राने स्वीकारली, आणि डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्राच्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीने अशा इमारतींना थेट जादा एफएसआय (चटईक्षेत्र निर्देशांक) देऊ केला : रौप्य मानांकनाला मूळ एफएसआयच्या ३ टक्के, सुवर्णला ५, प्लॅटिनमला ७. ठाण्यातल्या बाळकुम-कोलशेत पट्ट्यातल्या नव्या गृहसंकुलांच्या जाहिरातींत आता जलतरण तलावाच्या बरोबरीने हे मानांकनही झळकते. पण ठाण्याच्या खाडीकाठाला असा सौदा नवा नाही. जमीन जबाबदारीने घडवणाऱ्याला सवलत देण्याची रीत इथे फार जुनी आहे, आणि एका बाबतीत ती आजच्यापेक्षा शहाणी होती.

उत्तर कोकणात खाडीचे खारे पाणी अडवून शेत काढण्याला खार बांधणे म्हणत. भरतीच्या पाण्याला आडवा मातीचा बांध घालायचा, त्याला दगडाची पिचिंग करायची, मध्ये उघाडी ठेवायची. उघाडीचे लाकडी झाकण असे, भरतीच्या दाबाने आपोआप मिटणारे आणि ओहोटीला आतले पावसाचे पाणी बाहेर सोडणारे. पहिली काही वर्षे पाऊस माती धूत राही, मीठ उतरे, मग लाल दाण्याचा खारा भात येई. तोवर हाती काही नाही, उलट दर पावसाळ्यापूर्वी बांधाची डागडुजी. एका उधाणात खांड पडली की सगळे पुन्हा खारट. म्हणून मराठी राजवटीत पडीक जमीन लागवडीला आणणाऱ्याला इस्ताव्याने कौल मिळे, म्हणजे सारा हळूहळू चढत जाई. इंग्रजांनी हीच रीत नियमात बसवली. मुंबई सरकारच्या १९२१ च्या जमीन महसूल नियमांत खार काढणाऱ्याला पहिली दहा वर्षे सारा माफ होता. पुढची वीस वर्षे एकरी चार आणे, तेही संपूर्ण क्षेत्रावर, मग त्यातली जमीन निघालेली असो वा नसो. दोन वर्षांत काम नेटाने सुरू झाले नाही तर पट्टा जप्त होऊ शकत होता. दहा वर्षांत निम्मी आणि वीस वर्षांत सगळी जमीन शेतीयोग्य झाली पाहिजे, अशीही अट होती.

सवलत मोठी होती, पण ती वर्षांवर पसरलेली आणि परत घेता येण्याजोगी होती. बांध चांगला आहे की नाही, हे ठरवायला तज्ज्ञांची समिती लागत नसे. दर अमावास्या-पौर्णिमेचे उधाण ती तपासणी करून जाई.

आजचा हिशेब वेगळा आहे. ४०,००० चौरस मीटरचा भूखंड आणि १.१ मूळ एफएसआय धरला, तर प्लॅटिनमचे ७ टक्के म्हणजे ३,०८० चौरस मीटर, साधारण ३३,००० चौरस फूट. सातशे फुटांचे एक घर धरले तर सत्तेचाळीस घरे. कबूल केलेले मानांकन भोगवटा दाखल्यापर्यंत मिळाले नाही तर दंडाची तरतूद आहे, आणि ती कडक आहे, हे मान्य केले पाहिजे. पण दाखला हातात पडला की परीक्षा संपते. सांडपाणी प्रक्रिया केंद्र चौथ्या वर्षी बंद पडले, पर्जन्यजलाचे खड्डे गाळाने भरले, गच्चीवरचे सौर पॅनेल धूळ खात राहिले, तरी विकलेली सत्तेचाळीस घरे परत येत नाहीत. पारितोषिक कायमचे आणि कामगिरी तात्पुरती, अशी ही रचना आहे.

यावर पहिला आक्षेप असा की खार बांधण्याला पर्यावरणाची जबाबदारी कसे म्हणायचे? तिवरे तोडली, मासळीच्या उपजेची जागा गेली, फायदा बहुतेक सावकार-जमीनदारांनी लाटला. हे सगळे खरे आहे. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ मध्ये तिवरांच्या नाशाला राज्यभर जी बंदी घातली, तिच्या कसोटीवर जुना खारवाला आज गुन्हेगार ठरेल. त्या काळी ‘पडीक’ म्हणून ज्याला कौल दिला, तेच आज सर्वांत मौल्यवान ठरले आहे. मात्र यातून आजच्या मानांकनालाही एक टाचणी लागते : आज आपण ज्याला हरित म्हणून गुण देतो, ते पुढची पिढी कशात जमा करील, हे सांगता येत नाही. इमारतीतल्या नळांचे, काचांचे, दिव्यांचे गुण काढता येतात. ती इमारत ज्या खाडीकाठी उभी आहे तिथून जाणार असलेल्या सुमारे तेरा किलोमीटरच्या बाळकुम-गायमुख रस्त्याचे गुण त्या तक्त्यात येत नाहीत. खार बांधणे निर्दोष होते, असा माझा दावा नाही. सवलतीची बांधणी तेवढी घेण्यासारखी आहे.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. खारवाला तिथेच राहात होता, पीक त्याचे होते. विकासक तर घरे विकून, सोसायटी करून निघून जातो. मग दहा वर्षांनी कोणाला धरायचे? याचे उत्तरही खारींच्याच इतिहासात आहे. कूळकायद्यानंतर खारमालकांना उत्पन्नात रस उरला नाही आणि बांध खचू लागले, तेव्हा १९४८ च्या खारभूमी कायद्याने आणि पुढे १९७९ च्या कायद्याने ती देखभाल शासनाला अंगावर घ्यावी लागली. जबाबदार माणूस निघून गेला की खर्च सार्वजनिक होतो, हे तेव्हाच दिसले होते. शिवाय बांधणारा निघून जातो ही काही निसर्गाची रीत नव्हे. रेरा कायद्याने बांधकामातल्या दोषांसाठी विकासकाला पाच वर्षे बांधून ठेवलेच आहे. भिंतीच्या भेगेला जो पाच वर्षे उत्तरदायी राहू शकतो, तो सांडपाणी केंद्रालाही राहू शकतो.

तिसरा आक्षेप विकासकांचा : अटी वाढवल्या तर सवलत कोणी घेणारच नाही. पण १९२१ चे नियम घाबरवणारे नव्हते. पहिली दहा वर्षे तर फुकटच होती. तसेच इथे करता येईल. ७ टक्क्यांपैकी ४ बांधकामाच्या वेळी द्यावेत आणि उरलेल्या ३ टक्क्यांच्या किमतीएवढी बँक हमी पालिकेकडे ठेवावी. पाचव्या पावसाळ्यानंतर पाण्याची आणि विजेची बिले, सांडपाणी केंद्राच्या नोंदी सोसायटीच्या सहीने सादर झाल्या की हमी मोकळी व्हावी, नाहीतर ती रक्कम सोसायटीच्याच दुरुस्ती निधीत जमा व्हावी. एका ठाणे महापालिकेला हे ठरवून जमणार नाही, कारण नियमावली नगरविकास खात्याची आहे. पण ती नियमावली आल्यापासून शासनाने तिच्यात दुरुस्त्या केलेल्या आहेत. आणखी एकीला अडचण असण्याचे कारण दिसत नाही.