परवलीचा शब्द आणि पत्राची गुप्तता

ई-मेलच्या प्रोग्रॅममध्ये पत्रे झाकण्यासाठी परवलीच्या शब्दाची साधी सोय असावी की नाही, हा प्रश्न वरवर पाहता केवळ यंत्रशास्त्राचा वाटतो. परंतु त्याचा निर्णय इतिहासाकडे न पाहता करणे इष्ट नव्हे. कारण परवलीचा शब्द आणि संगणकावरील टपाल या दोहोंचा आरंभीचा इतिहास एकाच व्यवस्थेत सापडतो.

ही व्यवस्था म्हणजे मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेतील ‘कंपॅटिबल टाइम-शेअरिंग सिस्टिम’ होय. फर्नांडो कॉर्बातो यांच्या नेतृत्वाखाली तिचे पहिले प्रात्यक्षिक नोव्हेंबर १९६१ मध्ये झाले. एकच यंत्र अनेकांनी एकाच वेळी वापरावयाचे, तेव्हा प्रत्येकाचे कागद व प्रत्येकाच्या वाट्याचा वेळ निराळा राखणे क्रमप्राप्त होते. परवलीचा शब्द आला तो या सोयीसाठी. पुढे १९६५ मध्ये टॉम व्हॅन व्ह्लेक व नोएल मॉरिस यांनी याच व्यवस्थेत ‘मेल’ ही आज्ञा लिहिली. पाठविलेला निरोप घेणाऱ्याच्या ‘मेल बॉक्स’ नावाच्या फाइलीत जाऊन पडे. अर्थात त्या पत्राचा राखणदार तोच एक शब्द होता.

हा राखणदार किती खंबीर होता? १९६२ मध्ये ॲलन शेर या संशोधक विद्यार्थ्यास यंत्राचा मिळणारा वेळ अपुरा पडू लागला. त्याने छिद्रित पत्राद्वारे परवलीच्या शब्दांची फाइलच छापून मागितली आणि ती त्यास मिळालीही. १९६६ मध्ये तर याहून विलक्षण प्रकार घडला. संपादनाचा प्रोग्रॅम तात्पुरत्या फाइलीस नेहमी एकच नाव देत असे. दोन व्यवस्थापक एकाच वेळी काम करू लागताच दोन फाइलींची अदलाबदल झाली, आणि प्रवेश करणाऱ्या प्रत्येकास दिवसाच्या सूचनेऐवजी सर्वांचे परवलीचे शब्द वाचावयास मिळाले. या दोन्ही प्रसंगी कोणी कोणाचा शब्द तर्काने ओळखला नव्हता, हे ध्यानात घेतले पाहिजे. दोष शब्दाचा नव्हता. तो उघड्या अक्षरांत ठेवण्याच्या पद्धतीचा होता.

यावर उपाय केंब्रिज येथे रॉजर नीडम व माइक गाय यांनी योजला. शब्द मूळ रूपात न ठेवता त्याचे उलटविता न येणारे रूपांतर तेवढे साठवावयाचे, हे त्याचे तत्त्व. तथापि १९७९ मध्ये रॉबर्ट मॉरिस व केन थॉम्पसन यांनी ३,२८९ शब्द तपासून दाखविले की, त्यांतील २,८३१ म्हणजे सुमारे ८६ टक्के अतिशय तोकडे, सोपे अथवा कोशात सापडणारे होते. कोठार सुरक्षित झाले, पण किल्लीच कच्ची राहिली.

येथे संज्ञेचा विचार उद्बोधक ठरतो. परवल हा मुळात पहाऱ्याचा शब्द. तो साऱ्या चौकीस ठाऊक असतो, वरचेवर बदलतो आणि येणारा आपला की परका एवढेच ठरवितो. संगणकावरील शब्द एकट्याचा असतो व वर्षानुवर्षे टिकतो. पण त्याचे कार्य तेच राहिले आहे. तो माणसाची ओळख पटवितो, मजकूर झाकीत नाही. मजकूर झाकण्याचे काम कूटलेखनाचे; सामान्य माणसाच्या टपालासाठी ते साधन १९९१ मध्ये फिल झिमरमन यांच्या ‘प्रिटी गुड प्रायव्हसी’ या प्रोग्रॅमने उपलब्ध करून दिले.

मग साधी सोय निरर्थक मानावी काय? तसे म्हणता येणार नाही. एका घरात अथवा वसतिगृहात एकच संगणक चौघे वापरीत असतील, तर सहज पडणारी नजर अडविणे हीदेखील लहान गोष्ट नव्हे. दाराला पडदा असतो तो चोरासाठी नसतो; तो घरच्या माणसांच्या मर्यादेसाठी असतो. मात्र पत्रे डिस्कवर उघडीच राहिली, तर दुसऱ्या प्रोग्रॅमने ती कोणासही वाचता येतील, हे वापरणाऱ्यास स्पष्ट सांगितले पाहिजे. पडद्यास तिजोरी म्हटले की, मनुष्य त्यामागे तिजोरीत ठेवावयाच्या वस्तू ठेवू लागतो. म्हणून ही सोय अवश्य असावी. पण तिला तिच्या खऱ्या नावानेच ओळखावे, असे या इतिहासावरून म्हणावेसे वाटते.