इंटरनेट सेवादात्यांचे परस्परसहकार्य

स्वतंत्र इंटरनेट सेवादात्यांनी आपापली जाळी एकमेकांशी जोडून उद्भवणारे दोष परस्परसाहाय्याने दूर करण्याची पद्धती. अमेरिकेतील राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाचे मध्यवर्ती जाळे ३० एप्रिल १९९५ रोजी बंद झाले व वाहतुकीचा भार खाजगी सेवादात्यांवर आला. तत्पूर्वी १९९४ मध्ये उत्तर अमेरिकेतील जाळी चालविणाऱ्या अभियंत्यांचा ‘नॅनॉग’ हा गट स्थापन झाला होता.

प्रत्येक सेवादाता आपल्यामार्फत कोणत्या पत्त्यांपर्यंत पोहोचता येते, हे शेजारी जाळ्यास घोषित करतो. ही घोषणा बहुधा विश्वासाने स्वीकारली जाई. त्यातील धोका २४ फेब्रुवारी २००८ रोजी प्रत्ययास आला. यूट्यूब देशापुरते रोखण्यासाठी पाकिस्तान टेलिकॉमने केलेली घोषणा हाँगकाँगच्या पीसीसीडब्ल्यू या सेवादात्यामार्फत जगभर पसरली. राउटर यंत्रे लहान पत्तासमूहाच्या घोषणेस अग्रक्रम देत असल्याने जगाच्या मोठ्या भागात यूट्यूब सु. दोन तास बंद पडले. यूट्यूबने त्याहून लहान समूहांच्या प्रतिघोषणा केल्या. पीसीसीडब्ल्यूने चुकीचे मार्ग मागे घेतल्यावर दोष पूर्णतः दूर झाला. तो दूर करण्याचे सामर्थ्य कोणत्याही मध्यवर्ती सत्तेकडे नव्हे, तर शेजारी जाळ्याच्या चालकांकडे होते. २०१४ पासून अनेक सेवादात्यांनी घोषणा पडताळण्याचे व संपर्काची माहिती अद्ययावत ठेवण्याचे समान दंडक स्वेच्छेने स्वीकारले आहेत.