तळटीप : ‘भंडारा वसाहत’

१. लेखकाने ‘भंडारा वसाहत’ म्हटली आहे ती अर्जुनी मोरगाव तालुक्यातील गोठणगाव-प्रतापगड परिसरातली नोर्ग्येलिंग ही तिबेटी निर्वासितांची वसाहत. ती १९७२ साली वसली. १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन हा तालुका गोंदियात गेला. त्यामुळे अभ्यासकाने दोन्ही जिल्ह्यांची दप्तरे पाहावीत. निर्वासितांविषयीच्या १९५१च्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताने सही केलेली नाही, म्हणून कोणाला कोणता दर्जा द्यायचा हे सरकारच वेळोवेळी ठरवत आले. दक्षिण आशियातील निर्वासितांचे स्थलांतर आणि राज्यसंस्थेचे राजकारण यांचा संबंध मायरन वायनर यांनी मुंबईच्या ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’तील १९९३च्या लेखात मांडला, या विषयाकडे वळणाऱ्याने तो आधी वाचावा. २६ जानेवारी १९५० ते ३० जून १९८७ या काळात भारतात जन्मलेले तिबेटी कायद्याने नागरिकच आहेत. तरीही त्यांना मतदारयादीत घेण्याच्या स्पष्ट सूचना निवडणूक आयोगाने २०१४मध्ये दिल्या. हा विलंब अन्यायाचाच होता. वसाहत उभी करणारी पिढी आता थकली आहे; विदर्भातील राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी तिच्या आठवणी वेळीच नोंदवून घ्याव्यात. – संपादक